भविष्यकाळाची झाडलोट

दारू पिणाऱ्याचं घर आवाजावरून कळतं, कुत्री पाळणाऱ्याचं वासावरून कळतं. विज्ञानकथा वाचणाऱ्याचं घर मात्र आत पाऊल टाकून कशाला तरी ठेचकाळल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे ठेचकाळायची सोय ओसरीपासूनच आहे. डाव्या हाताला पोट फाडून ठेवलेला रेडिओ. उजवीकडे कडुलिंबाचा पाला घालून घट्ट लावलेले पत्र्याचे डबे. त्यांत तांदूळ नाहीत, जुने अंक आहेत, तांदूळ उघड्यावर आहेत. मध्ये लाल मातीची पोती, आणि त्या पोत्यांमधून वाट काढत चहाचा कप घेऊन येणारी मी.

आमचे हे निवृत्त मास्तर. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात मराठी शाळेवर त्यांची नोकरी झाली आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. कन्नड बोलणारे त्यांना ‘मेष्ट्रे’ म्हणतात, कोकणी बोलणारे कुणबी ‘मास्तर’ म्हणतात, मराठी मंडळी ‘सर’ म्हणतात. तिन्ही भाषांत त्यांना हाक मारता येते आणि तिन्ही भाषांत ते ऐकत नाहीत.

लग्न ठरवताना मध्यस्थांनी एवढंच सांगितलं होतं, की मुलाला वाचनाची आवड आहे. माझ्या वडिलांना ते फार बरं वाटलं. वाचन म्हणजे निरुपद्रवी छंद, पुस्तक मिटलं की माणूस मोकळा. पण कसलं वाचन हे कुणी विचारलंच नाही. रहस्यकथा वाचणारा खुनी सापडला की झोपतो. प्रेमकथा वाचणारा एक उसासा टाकून झोपतो. विज्ञानकथा वाचणारा उठतो आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागतो. एका पुस्तकातून एक छंद बाहेर पडतो, त्या छंदाला सामान लागतं, सामान ठेवायला जागा लागते, आणि ती जागा नेमकी माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर सापडते.

जोयडा कुठे आलं, हे बेळगावच्या माझ्या माहेरच्यांनाही पटकन कळत नाही. ‘दांडेलीच्या पलीकडे’ म्हटलं की ते माना डोलावतात, कारण दांडेलीला ते राफ्टिंगला येऊन गेलेले असतात. खरं तर राफ्टिंग चालतं ते गणेशगुडीला, म्हणजे आमच्याच तालुक्यात. नाव दांडेलीचं, भिजणं जोयड्याचं. पश्चिमेला गोवा, बाकी सगळं जंगल. 2007 साली इथल्या जंगलाला दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर केलं, 2015 मध्ये त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प झालं. जंगलात वाघ आहे, काळा बिबट्या आहे, धनेश आहे. माणसं मधूनमधून आहेत.

ह्यांचं म्हणणं असं, की अशा तालुक्यात राहणाऱ्या माणसाला विज्ञानकथा वाचायची गरजच नाही, ती खिडकीतून दिसते. हे ऐकून मला एकदा आशा वाटली होती. पण गरज नसलेली गोष्ट माणूस जास्त आवडीनं करतो, हे मला संसारात उशिरा समजलं.

खिडकीतून दिसतं ते खोटं नाही. काळी नदी आमच्या तालुक्यात उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. तिच्यावर सुप्याचं धरण आहे, 101 मीटर उंच, पायथ्याशी वीजनिर्मितीचे दोन संच. तीच नदी खाली कारवार तालुक्यात गेली की तिच्या काठी कैगाचा अणुवीज प्रकल्प. त्याचा पहिला संच मे 2016 पासून डिसेंबर 2018 च्या अखेरपर्यंत सलग 962 दिवस न थांबता चालला. तेव्हा तो जागतिक विक्रम ठरला. आमचा मिक्सर मात्र पावसाळ्यात सलग एक चटणी वाटू शकत नाही. कारण इतकी वीज बनवणाऱ्या खोऱ्यात ती आमच्या घरी येते तारांवरून, तारा येतात झाडांखालून, आणि झाडं पडतात तारांवर. तेव्हा मी पाटा-वरवंटा काढते आणि हे दिव्याच्या उजेडात अणुऊर्जेवर व्याख्यान देतात. श्रोता एकच असतो आणि त्याचे हात खोबऱ्यात असतात.

विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क म्हणजे आमच्या ह्यांच्या देव्हाऱ्यातलं एक दैवत. क्लार्कनी 1945 साली एका वायरलेसच्या मासिकात लेख लिहून दाखवून दिलं होतं, की विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल, म्हणजे आपल्याला एका जागी थांबलेला वाटेल, आणि असे तीन उपग्रह जगभर संदेश पोचवतील. आमच्या कौलांवरची तबकडी त्याच हिशेबावर चालते. आता ह्यातला विनोद क्लार्कनाही सुचला नसता. ह्या तबकडीला 36,000 किलोमीटरवरचं सगळं स्वच्छ दिसतं, आणि समोरच्या डोंगरामागच्या मोबाईल टॉवरला आम्ही दिसत नाही. फोन करायचा तर वळणावरच्या एका ठराविक दगडावर, ठराविक बाजूला तोंड करून उभं राहावं लागतं. त्या दगडाला ह्यांनी ‘पृथ्वी नियंत्रण कक्ष’ असं नाव ठेवलंय. गावानं ते घेतलं नाही. गाव त्याला ‘रेंजीचो फातर’ म्हणतं, आणि मीही तेच म्हणते.

क्लार्क 1956 साली श्रीलंकेत येऊन राहिले ते समुद्रात बुड्या मारायच्या नादानं. हे कळल्यावर मला जरा धीर आला, की हा आजार जुना आहे आणि मोठ्यांनाही झालेला आहे. मग मी इतरांचीही चौकशी केली. एच. जी. वेल्स, म्हणजे मंगळवासीयांना पृथ्वीवर आणणारे, ते घरात जमिनीवर पालथे पडून शिशाच्या सैनिकांची लढाई खेळायचे, आणि 1913 साली त्यांनी त्या खेळाच्या नियमांचं पुस्तकच काढलं. खेळ कुणासाठी, तर 12 ते 150 वर्षं वयाच्या मुलग्यांसाठी, आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या जरा जास्त हुशार मुलींसाठी, असं पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच नोंदवलं. आयझॅक आसिमोव्ह आकाशगंगेच्या टोकापर्यंत साम्राज्यं पसरवायचे आणि विमानात बसायला घाबरायचे. आमचे हे सुद्धा अंतराळप्रवासाबद्दल तासन्‌तास बोलतात, पण अणशी घाटाची बस म्हटली की आधी लिंबू शोधतात.

दुर्बिणीचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण आठवलं की अजून माझे खांदे दुखतात. दुर्बीण विकत मिळते. पण विकत घेतलेल्या दुर्बिणीतून दिसलेला शनी उष्टा असतो असं ह्यांचं मत. पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, हौशी लोक तिथे शिकतात, स्वतःची दुर्बीण स्वतः घडवतात, तर आपण का नाही? घरी आरसा घासायचा म्हणजे दोन जाड गोल काचा घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचं, आणि खालची काच पक्की धरून वरची मागेपुढे घासत राहायचं. काही दिवसांनी वरची काच मधोमध खोलगट होते आणि खालची फुगीर. निसर्गाचा नियमच आहे, वरच्याला हात फिरवायचा असतो आणि खालच्याला सोसायचं असतं. खोलगटपणा बरोबर आला का हे तपासायला दाढीचं पातं आणि छोटा बल्ब एवढंच लागतं. पात्यानं प्रकाशाची कड कापायची आणि आरशावरच्या सावल्या वाचायच्या. सावल्या हे वाचायचे, घासायला मी. आरसा तयार झाला तेव्हा मृगाच्या सरी सुरू झाल्या होत्या. इथे पाऊस आला की आकाश दसऱ्याला परत मिळतं. तोवर दुर्बिणीतून शेजारच्या फणसावरचं शेकरू पाहिलं. उलटं दिसतं, पण फणस खाताना त्याची मिशी हलते तीही दिसते.

आणि दसऱ्यानंतर खरोखर शनी दिसला. कड्यासकट. त्याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही.

पण ह्यांच्या सगळ्या छंदांचा राजा म्हणजे बुडालेलं सुपं. आमच्या तालुक्याचं नावच मुळी सुपा तालुका होतं. काळी आणि पांढरी ह्या दोन नद्यांच्या संगमावर सुपा हे गाव होतं, तेच तालुक्याचं ठिकाण. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि पुष्कळ माणसं रामनगरला वसवली गेली. जुनी माणसं अजून ‘सुपा तालुका’च म्हणतात. गाव बुडालं तरी नाव पोहतंय.

आता असं आख्खं गाव पाण्याखाली आहे म्हटल्यावर ज्यूल व्हर्न वाचलेला माणूस शांत कसा बसणार? ह्यांची पिढी व्हर्नवर वाढली ती भा. रा. भागवतांच्या मराठीतून. फास्टर फेणेवाले भागवत, त्यांनी व्हर्नला मराठी मुलांच्या ओसरीवर आणून बसवलं. (त्यांच्या पत्नी लीलावतीबाई ह्याही मुलांसाठी लिहीत, हे मी ह्यांना दर वेळी आठवून देते.) व्हर्नची पाणबुडी घेऊन फिरणारा कॅप्टन नेमो कोण, हे पहिल्या पुस्तकात कळतच नाही. ‘मिस्टीरियस आयलंड’ ह्या पुढच्या कादंबरीत व्हर्न सांगून टाकतो, की नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, आणि नात्यानं टिपू सुलतानाच्या घरातला. झालं! म्हणजे नेमो म्हैसूरकडचा! आपल्याच राज्यातला माणूस! निवृत्तीनंतर तो सुप्याच्या जलाशयात येऊन राहिला नसेल कशावरून? मी म्हटलं, कारवारहून वर यायला कद्रा, कोडसळ्ळी, बोम्मनहळ्ळी अशी तीन धरणं लागतात, तो काय पाणबुडी डोक्यावर घेऊन चढणार? हा प्रश्न त्यांनी वहीत उतरवून घेतला. उत्तराची जागा कोरी आहे.

नेमो राहिला बाजूला, पण त्यातून सुप्याचा नकाशा निघाला. पाण्याखालचं गाव कागदावर वर काढायचं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी एकमेकींना चिकटवून मोठा कागद केला आणि हे रामनगरला जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारू लागले: बाजार कुठे भरायचा, कचेरी कुठे, देऊळ कुठे, नदीकडे जायची वाट कुठून. नियम एकच. ज्या गोष्टीवर दोघांचं एकमत होईल ती शाईनं काढायची, बाकी सगळं पेन्सिलीनं.

विज्ञानकथेत कालप्रवास करायला यंत्र लागतं. रामनगरात चहा पुरतो. एका आजोबांनी हॉटेल देवळासमोर ठेवलं, दुसऱ्यांनी ते उचलून कचेरीमागे नेलं. तिसऱ्यांच्या मते हॉटेल नव्हतंच, ते ह्या दोघांनी रामनगरला आल्यावर उघडलं. एका वडाच्या झाडावरून दोन सख्खे भाऊ हमरीतुमरीवर आले. झाड पाण्याखाली, त्यावरचं पाणी कित्येक पुरुष खोल, आणि हे दोघे काठावर उभे राहून ‘डाव्या हाताला!’ ‘खुळा काय तू, उजव्या हाताला!’ करत होते. भावांचा डावा-उजवा हात नदीकडे तोंड करून की पाठ करून, हे मी विचारल्यावर भांडण मिटलं. दोघंही बरोबर होते.

त्या दिवसापासून मला मोहिमेवर नेऊ लागले. मग मी आतल्या अंगाला जाऊन बायकांना विचारलं. पुरुषांना सगळं आठवत होतं ते बसायच्या जागांवरून. बायकांना आठवत होतं ते चालायच्या वाटांवरून. विहीर कुठली, नदीवर धुणं घेऊन जायची वाट कुठली, कुणाच्या अंगणातून गेलं की वळसा वाचायचा आणि कुणाची सासू त्या अंगणातून जाऊ द्यायची नाही. डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला अंतर बरोबर ठाऊक असतं. हॉटेल कुठे होतं ह्याचा निकालही एका आजींनीच लावला: नवरा तिथे किती वेळ बसतो हे त्यांना दारातून दिसायचं, म्हणून. हॉटेल शाईत आलं. बाकी नकाशा अजून बराचसा पेन्सिलीतच आहे. सुरुवातीपासून शाईत आहेत त्या दोन नद्या, आणि आता तिथे बघायला गेलं तर त्याच वेगळ्या दिसत नाहीत.

मंगळाचं सांगायचं राहिलं. अँडी विअरच्या ‘द मार्शियन’मध्ये एक अंतराळवीर मंगळावर एकटा अडकतो आणि बटाटे पिकवून जगतो. 2015 मध्ये सिनेमाही आला. त्यानं खत म्हणून काय वापरलं ते मी इथे लिहीत नाही; दिवाळी अंक लोक फराळासोबत वाचतात. सिनेमा पाहून आल्यावर ह्यांना साक्षात्कार झाला. मंगळाची माती लाल कशानं? लोहाच्या गंजानं. जांभ्याची माती लाल कशानं? लोहाच्याच गंजानं. म्हणजे मंगळ आपल्या परसात आहे. फक्त त्यात पीक घ्यायचं बाकी आहे. मंगळाच्या मातीत विषारी परक्लोरेट क्षार असतात हे 2008 मध्ये फिनिक्स यानानं दाखवलं होतं, ते सोडलं तर साम्य पक्कं.

बटाटा इथल्या पावसाला टिकत नाही, म्हणून कंद घ्यायचे ठरले. जोयड्याचे कुणबी शेतकरी कंद पिकवण्यात वाकबगार. कोन, मुडली आणि आणखी कितीतरी जाती त्यांच्या परसात असतात. वेल चढायला झाड, खाली कुजलेला पाला, पहिल्या पावसाला लागवड आणि थंडीत काढणी. जानेवारीच्या सुमारास कंदांचा मेळाही भरतो, लांबलांबून लोक घ्यायला येतात. हे सगळं ज्ञान दोन घरं पलीकडे फुकट मिळत होतं. पण मंगळावर पाला नसतो, म्हणून पाला नको. झाड नसतं, म्हणून आधाराला झाड नको. मुरमाड जांभा पोत्यांतून आणून पसरला आणि त्यात कोन पुरले. शेजारच्या कुणबी आजी कुंपणाशी उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या.

“मास्तर, ही माती न्हय, हो फातर.”

“आजी, मंगळावर अशीच असते.”

“थंय कोण रावता?”

“कुणीच नाही.”

“मागीर खाता कोण?”

नासाची कोट्यवधी डॉलरची योजना आजींनी तीन वाक्यांत तपासून परत पाठवली. थंडीत आमचं पीक निघालं. अंगठ्याएवढे कंद, दोन दिवस शिजवले असते तरी दगडाशी नातं सोडलं नसतं. आजींनी त्याच संध्याकाळी त्यांच्या परसातल्या कोनांची टोपली आणून दिली. आम्ही ते उकडून तिखट-मीठ लावून खाल्ले आणि हे म्हणाले, “पृथ्वीवर जीवन आहे.” ओसरीतली पोती मात्र अजून हलली नाहीत, कारण पुढच्या वर्षी शुक्राचा विचार चालू आहे.

संग्रहाबद्दल बोलायला हवं. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाचे जुने अंक हा ह्यांचा जीव की प्राण. ते वाळवीलाही तितकेच प्रिय. मराठीत व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं भाषांतर 1900 च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकात यायला लागलं. त्या मासिकाचा जन्म कोचीनचा. म्हणजे मराठी माणूस चंद्राकडे निघाला तो पुण्याच्या पेठेतून नव्हे, परमुलखात जन्मलेल्या मराठी मासिकातून! हे ऐकवताना ह्यांची छाती सीमाभागातल्या माणसाची फुगावी तशी फुगते. मला संग्रहाचं वावडं नाही, पण आमच्याकडे पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं आणि काडेपेटीचा लगदा होतो. तिथे छापील कागद कोरडा ठेवणं ही अणुभट्टी चालवण्याइतकी काटेकोर गोष्ट आहे. ती चालवते कोण, हे पत्र्याच्या डब्यांना विचारा.

ह्यांनी मला एकदा मोठ्या अभिमानानं अमेरिकेतल्या फॉरेस्ट अ‍ॅकरमनची गोष्ट सांगितली. विज्ञानकथेच्या चाहत्यांचा महामेरू, घरभर पुस्तकं, मुखवटे, सिनेमातली यंत्रं. न्यूयॉर्कला 1939 मध्ये चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथे हा गृहस्थ भविष्यातल्या माणसाचा झगमगीत पोशाख घालून आला आणि इतिहासात गेला. मी विचारलं, पोशाख शिवला कुणी? ह्यांना ठाऊक नव्हतं. शोधल्यावर निघालं, की मर्टल डग्लस नावाच्या त्याच्या मैत्रिणीनं. तीही तसाच पोशाख घालून तिथे हजर होती. टाके तिचे, नाव त्याचं.

हे मला आधी ठाऊक असतं, तर शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी अंतराळवीराचा पोशाख शिवायला मी मुकाट्यानं बसले नसते. कापड म्हणून गाडी झाकायचं चंदेरी आवरण आलं, शिरस्त्राण म्हणून प्लॅस्टिकची घागर. चौथीतल्या ज्या मुलाला तो पोशाख घातला, त्याला रंगमंचावर आल्यावर काही दिसेना. तो सरळ चालत जाऊन पाहुण्यांच्या मांडीवर उतरला. चंद्रावर उतरणं इतकं अचूक कुणाचंच झालेलं नसेल.

आता नारळीकर. ह्यांच्यासाठी जयंत नारळीकर म्हणजे एकाच माणसात विज्ञान आणि कथा, दोन्ही अस्सल. त्यांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेला ती त्यांनी टोपणनावानं पाठवली. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ असा माणूस तयार केला. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढायला दिली पत्नीला, म्हणजे मंगलाताईंना. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. जगतापांच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

ही गोष्ट ऐकल्यावर ह्यांनीही कथा लिहिली, आद्याक्षरं उलटी केली आणि हस्तलिखित माझ्यापुढे ठेवलं. नारळीकरांना भीती होती, की परीक्षक अक्षर ओळखतील. ह्यांचं अक्षर ह्यांना स्वतःलाही ओळखता येत नाही, आणि ह्यांना ओळखणारे परीक्षक नेमके कोणत्या ग्रहावर असतील हे मी विचारलं नाही. कथा सुप्याचीच होती. धरणाच्या तळाशी काळ थांबलाय, तिथले लोक अजून बाजार करताहेत, वर पाणी आहे हे त्यांना माहीतच नाही, अशी. कल्पना चांगली होती, हे मी मोकळ्या मनानं सांगते. फक्त त्या गावात एकही बाई नव्हती. मग बाजारात भाजी कोण विकतंय, असं म्हणून उतरवून काढताना मी चार बायका घातल्या. त्यांतली एक तर वर पाणी आहे हे पहिल्यापासून ओळखून असते, पण कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाही. ह्यांनी वाचलं, थोडा वेळ गप्प बसले, आणि ‘राहू दे’ म्हणाले. बक्षीस आलं नाही. पण रामनगरच्या आजींना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी त्या बाईचं नाव विचारून घेतलं.

2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेले ती बातमी ह्यांना रेंजीच्या फातरावर कळली. त्या दिवशी घरातल्या एकाही यंत्राचं पोट फाडलं गेलं नाही.

पावसाळ्यात रात्री हे मला जंगलात चमकणारी बुरशी बघायला नेतात, त्याबद्दल मात्र मी उगाच कुरकुरत असते. कुजक्या लाकडावर उगवते, अंधारात फिकट हिरवी उजळते. तिच्या पेशींतलं एक द्रव्य ऑक्सिजनशी मिळून उष्णता न देता उजेड देतं. बॅटरी विझवून थांबायचं, डोळ्यांना अंधार सरावला की जमीन दिसायला लागते. पायांना जळवाही लागतात, त्या अंधारात दिसत नाहीत. आणि धनेशाची मादी! ढोलीत जाऊन दार आतून लिंपून घेते, एक फट ठेवते, आणि थोरला धनेश असेल तर जवळजवळ तीन महिने नर त्या फटीतून तिला उंबरं आणून भरवतो. ह्यांना ती ढोली अंतराळयानातल्या कुपीसारखी वाटते. मला त्यातला नर जास्त लक्षात राहिला. तीन महिने तो खेपा घालतो आणि त्या काळात दुसरा एकही छंद करत नाही.

तर संपादकांनी जागा दिलीच आहे, तर एक विनंती करून घेते. कुणाच्या माळ्यावर ‘नवल’चे जुने अंक पडून असतील, तर रद्दीत घालू नका, आम्हाला कळवा. टपालखर्च आम्ही देऊ. पाठवताना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि नोव्हेंबर ते मे ह्याच काळात पाठवा. जुन्या सुप्यात राहिलेलं किंवा तिथे माहेर असलेलं कुणी हे वाचत असेल, तर त्यांनीही जरूर लिहावं. विहिरीपासून देवळापर्यंत किती पावलं होती, एवढं कळलं तरी चालेल. दुर्बिणीचे आरसे, रेडिओचे व्हॉल्व्ह, मोडके कॅमेरे आणि कुठल्याही ग्रहाची माती मात्र कृपा करून पाठवू नका. पाकिटावर नाव माझं घाला.